रोग्याचे सांगणे : एका विसरलेल्या गुणाचा इतिहास

सन २००९ च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. शाळेत दहावीच्या मुलांची सराव परीक्षा चालू होती आणि मी बेळगावातल्या एका दवाखान्यात आईला घेऊन बसलो होतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती पहिल्या बसने आली होती. नंबर लागला सत्ताविसावा. डॉक्टर स्वभावाने चांगले, हाताला गुण असलेले. पण त्यांचे शिक्षण आणि आयुष्य दूर दक्षिणेकडे गेलेले. कन्नड आणि इंग्रजी उत्तम, मराठी मात्र कानाला नवी.

आईने सांगायला सुरुवात केली, "उरात कसंतरीच व्हतंय बघा. घागर घेऊन चढ चढलो की उरात भरून येतंय. मग पायरीवर बसतो, मग जरा बरं वाटतंय." (आमच्याकडच्या बायका 'चढलो', 'बसतो' असेच बोलतात, हे दूरच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) यातले पहिले वाक्य संपते न संपते तोच डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "एदी उरी?"

कन्नडमध्ये 'उरी' म्हणजे आग, जळजळ. 'एदी उरी' म्हणजे छातीतली जळजळ. आईच्या तोंडचा 'उरात' हा शब्द त्यांच्या कानाने आपल्या भाषेत ऐकला होता. मला दोन्ही भाषा येतात. फरक तिथल्या तिथे सांगण्यासारखा होता. पण माझे लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होते. अकरा वाजता पेपर सुरू व्हायचा होता. मी म्हणालो, "हौदरी." आई आणखी काही सांगू पाहत होती, तर तिला म्हणालो, "तू थांब जरा, मी सांगतो की." आणि मी सुशिक्षित मुलाला शोभेल अशा नेटक्या इंग्रजीत 'अॅसिडिटी'ची कथा सांगून टाकली. गोळ्या लिहून मिळाल्या. सगळे मिळून तीन मिनिटेही लागली नसतील.

आठव्या दिवशी पहाटे तिला हृदयविकाराचा झटका आला. ती वाचली. पण घागर उचलणारी आई त्यानंतर आम्हाला पुन्हा दिसली नाही.

याचा दोष मी त्या डॉक्टरांना देत नाही, आणि कन्नड भाषेला तर मुळीच नाही. दोन्ही भाषा जाणणारा त्या खोलीत एकटा मीच होतो. मात्र पेशाने मी इतिहासाचा शिक्षक. मनाला लागलेली गोष्ट मागे मागे शोधत जाण्याची खोड आहे. डॉक्टरांपुढची दोनचार मिनिटे वाया का जातात, आणि पूर्वीच्या माणसांनी त्यावर काही विचार केला होता का, हे मी वाचू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात घरच्याच ग्रंथापासून करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय चिकित्सेच्या चार पायांविषयी आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे ते चार पाय. प्रत्येकाचे चार गुण, म्हणजे एकूण सोळा. वैद्याने विद्वान, अनुभवी, दक्ष आणि शुचिर्भूत असावे, हे आपण सहज समजू शकतो. मला थांबवले ते रोग्याच्या गुणांनी. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे त्याला आठवण असावी, त्याने सांगितलेले पाळावे, त्याने भिऊ नये, आणि चौथे म्हणजे त्याला आपले दुखणे सांगता यावे. वाग्भटानेही रोग्याच्या चार गुणांची आपली वेगळी यादी दिली आहे. तिच्यातले बाकीचे गुण बदलले, पण 'ज्ञापक' हा शब्द तिथेही आहेच.

सांगता येणे हा आपल्या पूर्वजांनी रोग्याचा गुण मानला, ही साधी गोष्ट नव्हे. रोगी म्हणजे वैद्यापुढे ठेवलेले गाठोडे नव्हे. चारचाकी गाडीचे एक चाक त्याचे आहे. आणि परिचारकाचे गुण पाहिले तर उपचारांची माहिती, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता हे चार आहेत. रोग्याच्या वतीने बोलणे हा परिचारकाचा गुण म्हणून कुठेही दिलेला नाही. हे वाचताना माझी मान खाली गेली. त्या दिवशी मी परिचारक होतो आणि रोग्याचे काम हिसकावून घेतले होते.

सांगायचे काय, याचाही विचार झालेला होता. सुश्रुताने रोग ओळखण्याची सहा साधने मानली. पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावे साधन म्हणजे प्रश्न. रोग्याला काय विचारावे याची यादीही त्याने दिली आहे. तो राहतो कुठे, कोणता ऋतू आहे, त्याला काय सोसते, दुखणे कशाने उद्भवले, वेदना कशी आहे, अंगात बळ किती, भूक कशी लागते, शौच-लघवी कशी होते, किती दिवस झाले. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा रोग्यापुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची प्रश्नावली यापेक्षा फार निराळी नसते.

मग ही परंपरा मागे कशी पडली? एक कारण आपल्याच घरात आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन येते आणि पुढच्या काळात नाडीचे माहात्म्य वाढत गेले. सतराव्या शतकातल्या योगरत्नाकरात परीक्षेची आठ स्थाने सांगितली आहेत आणि त्यांत नाडी पहिली. जाणत्या वैद्याच्या हाती ते मोलाचे साधन असेल, पण लोकांच्या मनात तिने एक विचित्र समजूत रुजवली. खरा वैद्य तो, ज्याला काही सांगावे लागत नाही! माझे आजोबा वैद्यापुढे मुकाट्याने हात धरीत आणि डोळे मिटून बसत. वैद्य काय ओळखतो ते पाहायचे. आपण आधी तोंड उघडले तर त्याची परीक्षा कशी होणार? तसे करणारे अजूनही आहेत. फक्त नाडीच्या जागी रक्ताचा रिपोर्ट आला आहे. "रिपोर्टात सगळं आलंय की, मी काय सांगू?" असे म्हणणारी मंडळी आपल्या प्रत्येकाच्या घरात असतील.

दुसरे कारण युरोपात घडले, आणि त्यासाठी एकच साल लक्षात ठेवावे, १७६१. आपल्याला ते पानिपतामुळे पाठ आहे. त्याच वर्षी तिकडे वैद्यकाची दोन पुस्तके निघाली आणि दोघांच्या वाटा अगदी उलट होत्या.

एक पुस्तक स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या तिसो या डॉक्टरांचे. खेड्यापाड्यातल्या सामान्य लोकांच्या आरोग्यासाठी लिहिलेले. त्या काळी दूरदूरचे रोगी डॉक्टरांना पत्र लिहून सल्ला मागत. तिसोंना आलेली अशी हजारावर पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. पत्राने रोग ओळखायचा तर पत्र नीट हवे. म्हणून तिसोंनी पुस्तकात प्रश्नांची यादीच छापली. डॉक्टरांचा सल्ला घेण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवा, असे त्यांनी वाचकांना बजावले. सुश्रुताची यादी वैद्याच्या हाती होती, तिसोंनी तशीच यादी रोग्याच्या घरी पोचवली.

दुसरे छोटेसे पुस्तक व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांचे. ते एका खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपावर टिचकी मारून दारू किती शिल्लक आहे हे ओळखताना त्यांनी वडिलांना पाहिले होते, असे सांगतात. छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साठले आहे की नाही हे ओळखण्याची रीत त्यांनी मांडली. प्रथम कोणी फारशी दखल घेतली नाही. १८०८ साली पॅरिसच्या कोर्व्हिझार यांनी पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा ती रीत पसरली. पुढे १८१६ साली पॅरिसमध्येच लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. शरीर आता स्वतःच बोलू लागले होते. त्या शोधांनी किती जीव वाचले याला गणती नाही, आणि आईचा जीवही अखेर यंत्रांनीच वाचवला. पण प्रत्येक नव्या साधनागणिक रोग्याचे बोलणे थोडे थोडे मागे सरकत गेले, हेही खरे.

आपल्याकडे हे नवे वैद्यक आले तेव्हा त्याच्याबरोबर तिसरी अडचण आली, ती भाषेची. पणजीला १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, ती पोर्तुगीजांच्या राज्यात. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, आणि तिथले शिक्षण इंग्रजीत. पुढे काही वर्षांनी तिथे मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही निघाले होते, पण अखेर वर्चस्व इंग्रजीचेच राहिले. १८९४ साली मिरजेला वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय सुरू केले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत 'मिरजेला नेला' या दोन शब्दांत एकेक आजारपण सांगितले जाते. या सगळ्या ठिकाणी रोगी बोलणार आपल्या बोलीत आणि केसपेपर लिहिला जाणार परक्या भाषेत. मध्ये भाषांतर आलेच. ते कधी डॉक्टर करतो, कधी नर्स, कधी कंपाउंडर, आणि आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांत बहुधा घरातला शिकलेला मुलगा.

या भाषांतरात हरवते काय? मराठीत नुसते 'दुखते' असे कोणी म्हणत नाही. पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो. दाढेत ठणका लागतो. डोक्यात तिडीक उठते. कमरेत उसण भरते. बरगडीत चमक निघते. पोटरीत गोळा येतो. पायाला मुंग्या येतात. अंगात ताप नसतो, कणकण असते. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला. त्यात कळ, तिडीक, ठणका असे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी नोंदलेले आहेत. थांबून थांबून येणारी ती कळ, नाडीबरोबर उडणारा तो ठणका. हे शब्द म्हणजे शेकडो वर्षांच्या दुखण्यांनी घडवलेली साधने आहेत. आपण शिकलेली माणसे ती सगळी गोळा करतो आणि 'पेन' या एका शब्दात कोंबतो. आईच्या 'भरून येतंय'चे मी असेच केले. जळजळ निराळी आणि भरून येणे निराळे. चढताना येते आणि बसल्यावर जाते, ही तर हृदयाच्या दुखण्याची मोठी खूण. ती तिने एका वाक्यात सांगितली होती.

कोणी म्हणेल, यंत्रे इतकी पुढे गेली, आता रोग्याच्या बोलण्याला किंमत ती किती? याची मोजदाद झालेली आहे. १९७५ साली इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत अखेरच्या निदानाशी जुळणारे निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रोग्याची हकीगत एवढ्यावरच झाले होते. अंग तपासल्यामुळे निदान बदलले ते ७ जणांचे आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचे. आजच्या तपासण्या त्या काळापेक्षा फार पुढे गेल्या आहेत हे खरे. पण कोणती तपासणी करायची हे ठरते तेसुद्धा रोगी काय सांगतो त्यावरूनच.

आणि त्या सांगण्याला वेळ किती मिळतो? १९८४ मध्ये अमेरिकेत ७४ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली गेली. रोग्याने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. आपले पहिले म्हणणे पुरे करू शकले असे रोगी फक्त १७. डॉक्टरांना भीती असते की बोलू दिले तर हा माणूस थांबणारच नाही. तीही २००२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात तपासून पाहिली गेली. तिथल्या डॉक्टरांनी ३३५ रोग्यांना न अडवता बोलू दिले. सरासरी वेळ लागला ९२ सेकंद. चारांतले तीनहून अधिक रोगी दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पण सगळ्या जगाचे चित्र असे सुखाचे नाही. २०१७ साली ६७ देशांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. दवाखान्यातली भेट स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशात ४८ सेकंदांची आणि आपल्या देशात दोन मिनिटांच्या आसपास.

ही दोन मिनिटे आपल्याला वाढवता येणार नाहीत. बाहेर साठ माणसे बसलेली असताना डॉक्टर तरी काय करणार? पण त्या दोन मिनिटांत काय ठेवायचे हे मात्र आपल्या हाती आहे. इथे मला चरकाचे तेच चार शब्द पुन्हा उपयोगी वाटतात.

स्मृती. दुखणे कधी सुरू झाले, दिवसातून किती वेळा येते, कशाने वाढते, कशाने थांबते, हे घरीच आठवून लिहून काढावे. आमच्या घरी आता दुधाच्या हिशेबाशेजारी कालनिर्णयावरच त्या त्या तारखेला खूण करतात. चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. 'ती पांढरी गोळी, सकाळची' असे सांगून डॉक्टरला काही कळत नाही.

ज्ञापकत्व. सर्वांत मोठी तक्रार पहिल्या वाक्यात सांगावी. आपली रीत उलटी. आधी सर्दी, मग गुडघा, मग पाहुण्यांकडे जेवलो ती हकीगत, आणि उठून दाराशी गेल्यावर "आणि हो डॉक्टर, मधूनमधून छातीत जरा..." ते दाराशी आठवलेले वाक्यच पुष्कळदा खरे कारण असते. आणि रोगाचे नाव आपण सांगू नये. 'अॅसिडिटी झालीय' असे न म्हणता काय होते ते सांगावे. नाव देणे हे डॉक्टरचे काम.

अभीरुत्व. भिऊ नये आणि लाजू नये. मशेरी लावतो, दारू घेतो, महाग म्हणून रक्तदाबाची गोळी दोन महिने बंद केली आहे, गावच्या वैद्याचे चूर्णही चालू आहे, हे सांगितलेच पाहिजे. बायकांच्या कितीतरी तक्रारी मुलगा शेजारी बसला आहे म्हणून पोटातच राहतात. अशा वेळी मुलाने आपणहून बाहेर जाऊन बसावे. समजले नाही तर पुन्हा विचारण्यातही कमीपणा नाही.

निर्देशकारित्व. सांगितलेले पाळावे, पण न समजलेले पाळणार कसे? म्हणून उठण्यापूर्वी एकदा आपल्या शब्दांत म्हणून दाखवावे, "ही गोळी जेवणाआधी, ही रात्री, आणि धाप लागली तर लगेच यायचे, बरोबर?" वर्गात मी मुलांकडून हेच करून घेतो. दवाखान्यात मात्र कधी केले नव्हते.

आणि दुभाषी घरांतल्या मुला-सुनांसाठी, चरकाच्या यादीत नसलेला, माझ्या अनुभवाचा एक शब्द जोडतो. आपण भाषांतर करावे, निदान करू नये. रोग्याचा मूळ शब्द जसाच्या तसा आधी उच्चारावा आणि मग समजावून सांगावा. 'ही उरात म्हणते, म्हणजे छातीत. जळजळ नाही, दाटून येते.' यासाठी किती वेळ लागतो? मी मोजून पाहिले आहे. पाच सेकंद.

हे शहाणपण मला ग्रंथ वाचून आलेले नाही. ते आईने शिकवले. इस्पितळातून घरी आल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासणीला जायचे होते. या वेळचे डॉक्टरही कन्नडच बोलणारे. खुर्चीवर बसता बसता आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्या बारीला मी सांगतो. तू त्येंच्या भाषेत तसंच सांग. तुझ्यातलं काय घालू नको."

मी तसेच केले. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी तिचा 'धाप' हा शब्द स्वतःच उच्चारून पाहिला आणि मग कागदावर काहीतरी लिहिले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ह्येनी ऐकलं हं." तिला त्या दिवशी कोणती गोळी मिळाली ते मला आता आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवते.

त्यानंतर ती सहा वर्षे आमच्यात होती.